दीड बोटाचा फरक

विहीणबाई बारा वाजता येणार होत्या, आणि सव्वाअकरा होऊन गेले तरी ड्रेसचा घेर काही केल्या सरळ पडत नव्हता.

शिलाईवाल्या बाई तिसऱ्यांदा गुडघ्यांवर बसल्या. ओठांत चार टाचण्या, एका हातात लाकडी पट्टी, दुसऱ्या हातात खडू. जमिनीपासून घेराच्या काठापर्यंत पट्टी उभी धरायची, खूण करायची, टाचणी टोचायची आणि तसंच गुडघ्यांवर पुढे सरकायचं. असं करत करत त्या नवऱ्या मुलीभोवती आख्खी फेरी मारून मूळ जागी आल्या, मागे रेलून पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. उजवीकडचा काठ पुन्हा दीड बोट वर होता.

"मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं," स्टुलावर बसलेली आई म्हणाली. तिने आधी काहीही म्हटलं नव्हतं. पण आज तिला कुणाला तरी बोल लावणं भाग होतं, आणि त्या खोलीत परकं माणूस हे एकच होतं.

खोली दुकानाच्या मागच्या बाजूला होती, जाड पडद्याआड. मधोमध वीतभर उंचीचा गोल लाकडी चौथरा, त्याच्यासमोर तीन भागांचा मोठा आरसा आणि चौथऱ्यावर बुटकी. ही बुटकी चांगली पावणेसहा फूट उंच होती. शाळेत सगळ्यांत पुढच्या बाकावर बसायची म्हणून पडलेलं हे नाव तिने तेराव्या वर्षी एका उन्हाळ्यात सपशेल खोटं पाडलं होतं, पण घरच्यांनी ते सोडलं नाही. आता एकोणतिसाव्या वर्षी, लग्न आठ दिवसांवर आलेलं असतानाही ती बुटकीच होती.

तिच्या अंगावर आईने पसंत केलेला लग्नाचा पायघोळ ड्रेस होता. बंद गळा, खांद्यांवर दोन थरांची झालर, पूर्ण बाह्या, पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत कापडी बटणं. कापड इतकं कडक, की ड्रेस नुसता जमिनीवर ठेवला असता तरी नवरीवाचून उभा राहिला असता. बुटकीला आवडलेला ड्रेस मागे खुंटीवर टांगलेला होता. तो साधा, मऊ, आणि त्याची पाठ पार खालपर्यंत उघडी. दोन आठवड्यांपूर्वी तिने तो हातात घेतला, तेव्हा आईने ज्या नजरेने पाहिलं होतं, त्यानंतर तिने त्याचं नाव काढलं नव्हतं. दुकानाने आपला तो तसाच खुंटीला ठेवून दिला होता.

"ताई, राग मानू नका," शिलाईवाल्या बाई टाचण्या तळहातावर काढत म्हणाल्या. "हा ड्रेस वाईट नाही. पण हिच्या अंगाचा नाही. हिचे खांदे मुळात रुंद, कंबर बारीक, आणि कमरेखाली सगळं सपाट. त्यात खांद्यांवर झालर चढवली, की सगळी मुलगी वरच राहते. खरं सांगू? कपाट दिसतंय कपाट. तो दुसरा बघा. वर साधा आणि कमरेपासून चुण्या. खाली घेर आला की वरचे खांदे आपोआप शोभायला लागतात. आणि पाठ तर अशी छान…"

"पाठ नको," आई म्हणाली.

"अहो, उंच मुलीची पाठ…"

"पाठ नको म्हटलं ना!"

तिचा आवाज चढला तशी बाहेरची शिलाई मशीनची टकटक क्षणभर थांबली. बुटकीने आरशात आईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

पाठ का नको, हे आईच्या समजुतीप्रमाणे फक्त दोघींना ठाऊक होतं. बाबा धरले तर तिघांना, पण बाबांना धरण्यात अर्थ नव्हता. ते घरातल्या किल्ल्यासुद्धा रोज नव्याने शोधत. तेराव्या वर्षी बुटकी एकदम उंच झाली आणि तिचा डावा खांदा खाली आला. डॉक्टर म्हणाले, कणा थोडा वळलाय, वाढीच्या वयात होतं, रोज हे व्यायाम करू दे आणि सहा महिन्यांनी आणून दाखवा. आईने व्यायाम करून घेतले, अगदी डोळ्यात तेल घालून करून घेतले. दाखवायला मात्र नेलं नाही. तिची स्वतःची थोरली बहीण अशाच पाठीची होती. तिला बघायला आलेली माणसं ती पाणी घेऊन वळली तेव्हा एकमेकांकडे पाहून कशी उठली होती, ते आईने आठ वर्षांची असताना दाराच्या फटीतून पाहिलं होतं. ती बहीण जन्मभर एकटी राहिली आणि एकटीच गेली. माझ्या मुलीकडे असं कुणी बघणार नाही, हे आईने तेव्हाच ठरवून टाकलं, मुलगी जन्माला यायच्या कितीतरी आधी.

म्हणून डॉक्टरांकडून आल्यावर ती मशीनवर बसली आणि बुटकीच्या आतल्या कपड्याला डाव्या खांद्यावर एक पॅड शिवलं. सुरुवातीला सुती चिंध्यांचं. धुवून धुवून ते चपटं व्हायचं, मग त्यावर आणखी एक थर. पुढे फोम मिळायला लागला. फोम चपटा होत नाही, पण हाताला सवय लागली होती. दर वर्षी एक नवा थर चढत गेला. सोळा वर्षं शाळेत, कॉलेजात, नोकरीत बुटकीचे खांदे सरळ दिसत आले, आणि आई त्याच एका गोष्टीवर रात्री शांत झोपत आली. पहिल्या दिवशी मापं घेताना शिलाईवाल्या बाईंचा हात त्या उंचवट्यावर थबकला होता. "आत काय आहे हे?" त्यांनी विचारलं होतं. "तिला थंडी वाजते," आईने ठोकून दिलं होतं. एकाच खांद्याला थंडी वाजणारी मुलगी बाईंनी याआधी पाहिली नसावी, पण त्या गप्प बसल्या.

आता खरी धास्ती होती ती विहीणबाईंची. बाई स्वभावाने बऱ्या, पण सव्वीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर होत्या. शिवण कुठे सुटली, बाही कुठे ओढली गेली, हे त्यांना लांबून कळे. साखरपुड्याला आईने मुलीला शाल पांघरवून निभावून नेलं. आज मात्र त्या मुद्दाम ड्रेस बघायला येत होत्या, आणि घेर असा एका बाजूला उचललेला दिसला, की त्यांची नजर घेरावरून कमरेवर, कमरेवरून खांद्यावर चढायला कितीसा वेळ लागणार?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्याआड आवाज नीट येईना म्हणून ती पुढच्या खोलीत गेली. बाबा होते. कपाटाची किल्ली. "टेबलाच्या खणात!" ती ओरडली आणि फोन आपटल्यासारखा बंद करून परत आली.

पडदा बाजूला सारला तेव्हा शिलाईवाल्या बाई मागे रेलून हसत होत्या. घेर सरळ होता. चारी बाजूंनी, दोरी लावल्यासारखा.

"झालं?" आईचा जीव भांड्यात पडला. "देवा! झालं एकदाचं. आता टाचण्या लावून टाका बाई." आणि ती स्टुलावर बसली.

ती बसली आणि उजवीकडचा काठ उचलला गेला. हळूच, कुणी न हलवता.

शिलाईवाल्या बाईंचं हसू मावळलं. त्यांनी काठाकडे पाहिलं, मग बुटकीकडे, मग बराच वेळ आईकडे पाहिलं. आईला ती नजर आवडली नाही.

"कापडात खोट आहे," आई म्हणाली.

"कापडात काही नाही, ताई." त्या गुडघे चोळत उठल्या. "माझं एक ऐकाल? ते स्टूल फिरवा आणि भिंतीकडे तोंड करून बसा. पाच मिनिटं."

"का म्हणून?"

"घेर मला आज कापायला हवा, नाहीतर आठ दिवसांत ड्रेस होत नाही. आणि चुकीचा कापला तर कापड पुन्हा वाढवता येत नाही. म्हणून."

"मी बसले तर तुमचं काय अडतं? मी काय हात लावतेय? की मी पाठ फिरवली की हिच्या अंगावरचं काढून बघायचंय तुम्हाला?" हे तोंडातून गेलं मात्र, आईने जीभ चावली. भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस मिनिटं कमी होती.

"आई," बुटकी म्हणाली, "बस ना गं. पाचच मिनिटं."

आईने तणतणत स्टूल फिरवलं. समोर भिंत होती, आणि भिंतीवर केस नीट करायला टांगलेला हातभर आरसा. शिलाईवाल्या बाईंना त्याचं भान राहिलं नसावं. आईला त्यात चौथरा दिसत होता, आणि चौथऱ्यावरची मुलगी पायांपासून डोक्यापर्यंत दिसत होती.

आधी काहीच झालं नाही. मग बुटकीने आईच्या पाठमोऱ्या डोक्याकडे पाहिलं, ती बघत नाहीये याची खात्री केली, आणि एक लांब श्वास सोडून सरळ उभी राहिली.

आईला क्षणभर कळेचना आपण काय बघतोय. मान सरळ, कंबर सरळ, घेर चारी बाजूंनी सारखा. आणि डाव्या खांद्यावर, जिथे सोळा वर्षं काही कमी होतं असं ती धरून चालली होती, तिथे कडक झालरीखाली एक गाठोडं उभं राहिलं होतं. खांदा खाली गेलेला नव्हता. खांदा उजव्याच्या बरोबरीला होता. वर आलेलं होतं ते पॅड, तीन बोटं जाड, तिच्या हाताने वर्षाला एक थर चढवलेलं.

ती गर्रकन वळली.

बुटकीची कंबर तत्क्षणी डावीकडे कलली, डावा खांदा खाली गेला, पॅड उजव्या खांद्याच्या रेषेत आलं. खांदे सुरेख दिसायला लागले. उजवीकडचा घेर दीड बोट उचलला गेला. हे सगळं इतक्या सहज झालं, की करणारीला त्याचा पत्ताही नसावा.

"तू वाकतेस," आई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मी बघितलं की तू वाकतेस."

शिलाईवाल्या बाई टाचण्यांची डबी घेऊन निघाल्या, पण बुटकीने त्यांचा हात धरला. "थांबा काकू. तुम्ही गेलात तर ही बोलणार नाही."

"कधीपासून?" आईने विचारलं.

"पाठ? एकोणिसाव्या वर्षी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले होते. पाठीचा एक्स-रे फोटो काढला त्यांनी. म्हणाले, किंचित वळण आहे, ते राहील. बाकी व्यायामाने छान सावरलंय, कुणी एवढी मेहनत घेतली? मी म्हटलं, आईने."

"दहा वर्षं!" आई स्टुलावरून उठली. "दहा वर्षं मला पत्ता नाही? मी इकडे जिवाला घोर लावून बसलेय, लोकांच्या नजरा मोजतेय, आणि तू… मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच आले होते. त्याच दिवशी. फोटो हातात होता माझ्या." बुटकी बोलता बोलता थांबली, मग एका दमात म्हणाली, "तू मशीनवर बसली होतीस. नवं पॅड शिवत होतीस. मला जवळ बोलावलंस, घातलंस, लांब जाऊन बघितलंस. खांदा वर आला होता माझा. तुझा चेहरा एवढासा झाला. मी जरा वाकले. तर तू म्हणालीस, बघ, आज कसं नेमकं बसलं! इतकी खूश झाली होतीस आई तू. मी फोटो दप्तरात ठेवून दिला."

आईला तो दिवस आठवला नाही. असे किती दिवस झाले असतील, ज्या दिवशी पॅड नेमकं बसलं आणि ती खूश झाली. तिला रडू आलं नाही. लाज वाटली. डोक्यापासून पायापर्यंत नुसती लाज वाटली. आपली मुलगी वाकडी आहे हे तिने जगापासून लपवलं होतं, आणि मुलीने आपण सरळ आहोत हे तिच्यापासून.

"त्याला माहीत आहे?" तिने कसंबसं विचारलं. 'त्याला' म्हणजे होणाऱ्या जावयाला.

"सगळं. पॅडसकट. तो म्हणतो, आईला सांग. मी म्हणते, लग्नानंतर बघू."

पुढच्या दाराची घंटा वाजली. बाराला पाच कमी होते. विहीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "आहेत का मंडळी?"

बुटकीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आई, हाच ड्रेस राहू दे," ती घाईघाईने म्हणाली. "पॅड राहू दे. मी उभी राहते नीट. काकू, तुम्ही घेर वाकड्यावरच कापा, म्हणजे वाकल्यावर सरळ दिसेल. एका दिवसाचा प्रश्न आहे."

शिलाईवाल्या बाईंनी आईकडे पाहिलं. कात्री त्यांच्या हातात होती.

आईने खुंटीवरचा दुसरा ड्रेस काढला. मऊ कापड हातावर घरंगळलं. तिने तो मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा घाल. आतलं ते काढ आधी." मग पडदा सारून बाहेर गेली आणि मागे पडदा नीट ओढून घेतला.

विहीणबाई काउंटरशी उभ्या राहून एका तयार ड्रेसची दुमड अंगठ्याने तपासत होत्या. "या, या," त्या म्हणाल्या. "ठरला का ड्रेस? बघू तरी."

"थांबा." आईने त्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये उभं राहून घेतलं. पाणी घेऊन वळलेली बहीण, एकमेकांकडे बघणारी माणसं, सगळं डोळ्यांसमोर आलं. "तिची पाठ थोडी वाकडी आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून. मी लपवलं तुमच्यापासून. तिचा दोष नाही, माझा आहे. मुलाला ठाऊक आहे."

विहीणबाईंचा अंगठा दुमडीवरच राहिला. त्यांनी आईकडे नीट निरखून पाहिलं, कारखान्यात बघत असतील तसंच.

"वाकडी म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"आता फार नाही. थोडीशी."

"मग चालतंय की. एवढा फरक असलेला माल आम्ही पास करायचो."

"ती माल नाही!" आई इतक्या जोरात म्हणाली, की मशीनवर बसलेल्या दोन मुली वळून बघायला लागल्या. सोयरीक मोडली तर मोडली, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

विहीणबाई दचकल्या. त्यांनी ड्रेस काउंटरवर ठेवला. "चुकले मी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "सव्वीस वर्षं तीच भाषा. मेल्या जिभेला सवय लागलीये." आणि मग थोडं थांबून, "तुम्ही आत जा आधी. मला बोलावलंत की येईन."

आई पडद्यापाशी गेली. पण तिचा हात पुढे होईना. आपण आत गेलो की काय होईल, हे तिला माहीत होतं.

तरीही ती गेली. नजर जमिनीवर ठेवून गेली, फक्त चौथरा दिसेल एवढी. मऊ कापडाचा घेर चौथऱ्यावर पडला होता, चारी बाजूंनी सारखा. शिलाईवाल्या बाई पट्टी घेऊन बसल्या होत्या. आईने हळूहळू नजर वर नेली. चुण्या, बारीक कंबर, मोकळे रुंद खांदे. तिच्या मुलीला मूळचे इतके चांगले खांदे आहेत, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. बाजूच्या आरशात पाठ दिसत होती. मधोमध कणा किंचित वळून पुन्हा जागेवर आलेला.

दोघींची नजर आरशात भेटली आणि डावा खांदा खाली गेला. घेर उजवीकडे उचलला.

"अगं, मुद्दाम नाही केलं," बुटकी कावरीबावरी झाली. "आपोआप होतं गं. तू बाहेर थांब ना, म्हणजे काकूंना कापता येईल."

"आज मी बाहेर थांबेन," आई म्हणाली. "आणि लग्नात? तिथे मला कुठे उभी करणार आहेस? पडद्यामागे?"



आईने स्टूल ओढलं, चौथऱ्याच्या अगदी समोर ठेवलं आणि त्यावर बसली. शिलाईवाल्या बाईंना म्हणाली, "कात्री खाली ठेवा बाई जरा. वेळ लागेल." मग तिने मान वर करून मुलीकडे पाहिलं.

"मी बघतेय," ती म्हणाली. "तू सरळ हो."

खांदा हलला नाही. बाहेर मशीन पुन्हा टकटकायला लागलं. बुटकीचे डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत. आईही नजर न काढता बघत राहिली, आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एक मिनिट गेलं, कदाचित दोन गेली असतील. मग डावा खांदा केसाएवढा वर आला. थांबला. आणखी थोडा वर आला.

"पट्टी लावा," आई म्हणाली.